एकोणिसावं मिनिट

बोटीच्या पेट्रोलच्या टाकीला जे झाकण असतं, त्याच्या मधोमध बटणाएवढा एक स्क्रू असतो. तो ढिला ठेवायचा असतो. पेट्रोल कमी होत जातं तशी तिथून हवा आत शिरते, आणि हवा आत शिरली तरच पेट्रोल पुढे इंजिनात जातं. हे आज मला माहीत आहे. माझ्या नातीलाही माहीत आहे, कारण मी तिला हे इतक्यांदा सांगितलंय की मी नुसतं ‘बोट’ म्हटलं तरी ती कानांवर हात ठेवते. पण पंचेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे मला जगातलं सगळंच कळत होतं तेव्हा, तो स्क्रू दिसला की मी पिळून घट्ट करत असे. एकदा नव्हे, चांगल्या चौदा-पंधरा वेळा. आणि बोट भर पाण्यात बंद पडली की सगळ्यात मोठ्याने कटकटही मीच करत असे.

याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की मी शाळेत विज्ञान शिकवायचे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुडत, अडत अडत का पडतं आणि समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार का लागते, हा हवेच्या दाबाचा प्रयोग मी दरवर्षी नववीला करून दाखवायचे. पोरं टाळ्या वाजवायची. मीही मनातल्या मनात वाजवून घ्यायचे.

झाकणाची खोड मला रहिमतपूरला सासरी लागली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी गुळाचा डबा उघडा टाकला आणि सासूबाईंनी मुंग्यांसकट तो डबा माझ्यासमोर आणून ठेवला. नुसता ठेवला. तेव्हापासून सैल झाकण दिसलं की माझा हात आपोआप जातो. लोकांच्या घरी गेले तरी लोणच्याच्या बरण्या पिळून येते. परवा नातीच्या डब्याचं झाकण असं लावलं, की तिच्या बाईंना उघडेना, शिपायाला उघडेना, पोरगी डबा तसाच घेऊन घरी आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, “आजी, तू बोटीतून उतरलीयस गं आता.”

तर ही त्या बोटीची गोष्ट, आणि तिच्यापेक्षा जास्त मिस्त्रींची.

माझी नेमणूक तेव्हा कोयनेच्या धरणाच्या पाण्याकडेच्या एका गावात होती. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला पाणी. घाटातल्या रस्त्याने पलीकडच्या काठाला जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. पाण्यावरून पाऊण तास. गावच्या लाँच सोसायटीची जुनी मोठी लाँच पाणी उतरलं की चिखलात बसायची, म्हणून त्या वर्षी जानेवारीत त्यांनी एक लहान बोट घेतली. तिला मागे टांगायचं पेट्रोलचं इंजिन होतं. बोट चालवायला मारुती, आणि इंजिन बघायला मिस्त्री.

मिस्त्रींना नाव होतं, पण ते फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदावर असावं. फौजेत असताना ते बोटींवर होते. अंगावर खाकी अर्धी चड्डी, डोक्याला बारा महिने लोकरीची टोपी, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ. मनगटावरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. “त्ये आपल्याच हाताला बांधल्यालं आसतंय. आपून घाबरलो की त्येबी पळतंय,” असं म्हणायचे. इंजिन सुरू झालं की स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून बसत. नवख्याला वाटावं, म्हातारा झोपला. एकदा ते असे बसलेले असताना कोयनेचा नेहमीचा भूकंपाचा धक्का बसला. टपरीतल्या बरण्या खणखणल्या, माणसं बाहेर धावली. मिस्त्रींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. डावा हात वर करून म्हणाले, “ह्यो आवाज आपला न्हवं. चालू द्या.”

इंजिनाला ते ‘आवं’ म्हणायचे. “आवं, आज का रुसलाय?” आणि जीपमधून उतरणाऱ्या साहेबाला म्हणायचे, “ये गड्या, बस हितं.” असाच एक साहेब पाहणीला आला असताना बोटीचं इंजिन अडखळलं. साहेब म्हणाला, आत्ता माझ्यासमोर उघडा आणि नीट करा. मिस्त्रींनी त्याला हाताला धरून बोटीत बसवलं आणि बोट पाण्यात घातली. “काठाव समदीच इंजानं शानी आसत्यात, सायेब. आजारी मानूस बी डाक्टरम्होरं ठणठणीत दिसतंय. चला, जिथं दुखतंय तिथं जाऊ.” तास-दीड तास त्यांनी त्या साहेबाला पाण्यावर फिरवला आणि त्या तासा-दीड तासात त्याला एक शब्द बोलू दिला नाही. साहेब परत आला तो थेट जीपमध्ये जाऊन बसला.

त्यांची दुसरी रीत याहून छळणारी होती. एका दिवशी ते एकच गोष्ट बदलायचे. प्लग बदलला तर त्या दिवशी फक्त प्लग. मग बोट चालवून बघायची. तरी दुखणं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं काही. “दोन औषदं एकदम दिली अन् मानूस बरा झाला, तर कशानं झाला त्ये कसं कळायचं?” हे शास्त्र झालं. वर्गात मी हेच शिकवत होते, फक्त शुद्ध मराठीत. पण माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा शास्त्र नव्हतं, दहावीचं वेळापत्रक होतं.

त्यांच्या घरी मी आयुष्यात दोनदाच गेले, तेही लागोपाठच्या दोन दिवशी. पहिल्या दिवशी पडवीत त्यांची बायको नाचणी पाखडत बसली होती. ती मला म्हणाली, “लगीन झाल्यापास्नं ह्येंचं आसंच हाय बघा बाई. कालवणात आज मीठ कमी म्हनत्यात, उद्या तिखट जास्त म्हनत्यात. एकदम दोनी कदी बोललं न्हाईत. चाळीस वर्षं झाली, कालवण काय अजून जमलं न्हाई.” आणि खळखळून हसली. तिथे कसं जावं लागलं ते पुढे येतंय.

गिरणीची गोष्ट मात्र आधी सांगायला हवी, म्हणजे माझा मूर्खपणा किती पक्का होता ते कळेल. गावात पिठाची गिरणी होती. ती रोज दुपारी धापा टाकून बंद पडायची आणि संध्याकाळी आपसूक चालायची. साताऱ्याहून आलेल्या कारागिराने ती दोनदा खोलली, दोनदा जोडली. मग मिस्त्री गेले. तीन दिवस पोत्यावर बसून राहिले, हात लावला नाही. तिसऱ्या दुपारी उठले, गिरणीमागे गेले आणि इंजिनाला जिथून वारा मिळायचा त्या झरोक्यावर गिरणीवालीने वाळत टाकलेली ओली गोधडी उचलून तिच्या हातात दिली. झालं. गिरणीवाल्याला म्हणाले, “इंजान बरं हाय. दुखनं मानसाचं हुतं.”

ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत साभिनय सांगितली होती. गिरणीवालीला भरपूर हसले होते. आणि तरीही.

मला पेट्रोलच्या वासाने मळमळतं. शनिवारी घरी जायचं, सोमवारी परत यायचं, म्हणून बोटीचा प्रवास चुकत नव्हता. पुढे बसलं की पाण्याचे शिंतोडे साडीवर. म्हणून मी मागे, टाकीशेजारच्या फळीवर बसायचे. बोट निघाली की वास यायचा. बघितलं तर झाकणावरचा तो बारका स्क्रू सैल. म्हटलं, मारुतीचा निष्काळजीपणा. मी हातरुमाल काढायचे, स्क्रूवर ठेवायचे आणि पिळायचे. वास बंद. रुमाल परत पिशवीत. हे सगळं इतकं सवयीने व्हायचं, की घरी उंबऱ्यातली चप्पल सरळ केल्यावर जितकं लक्षात राहतं तितकंच माझ्या लक्षात राहायचं.

आणि पुढे काही मिनिटांनी इंजिन खोकायला लागायचं. एक ठोका गाळायचं, मग दोन, मग गचके देत बंद. मारुती दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घ्यायचा. प्लग काढायचा, पुसायचा, परत लावायचा. सगळं करून झाल्यावर, अगदी शेवटी, पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडून आत बघायचा. पेट्रोल असायचं. झाकण परत लावून दोरी ओढली की इंजिन चालू. “थंड झालं, म्हनून चाललं बघा,” मारुती घाम पुसत म्हणायचा. आता कळतं ना काय व्हायचं? झाकण उघडलं की हवा आत. पुन्हा वीस-एक मिनिटांची बेगमी. काठाला लागलो की पेट्रोल भरताना तो सवयीने स्क्रू सैल करायचा. म्हणजे माझ्या गुन्ह्याचा पुरावा दर वेळी मारुतीच पुसून टाकत होता.

फेब्रुवारीत सराव परीक्षेसाठी मी मुलांना घेऊन पलीकडे जाऊ लागले, तेव्हा माझी झोप उडाली. दहावीला नऊ मुलं होती, त्यांत पाच मुली. परीक्षेचं केंद्र पलीकडच्या काठावर. सरावाला तीनदा गेलो, तिन्ही वेळा बंद पडलो. एकदा तर पाऊण तास नुसते पाण्यावर डोलत होतो. पोचलो तेव्हा निम्मा पेपर झाला होता. सराव होता म्हणून आत घेतलं. बोर्डाच्या पेपराला उशीर झाला तर दारातूनच परत, आणि मग वर्ष गेलं. मुलाचं वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी तो परत बसतो. आमच्या त्या पाचजणींपैकी तिघींचं तसं नव्हतं. एकीच्या आईने मला सरळ सांगितलं होतं, “पास झाली तर फुडं शिकू दे. न्हाईतर मे म्हयन्यात उरकून टाकू.” आदल्या दिवशी पलीकडे मुक्कामाला न्यावं म्हटलं तर मुलींच्या घरून नकार. म्हणजे सगळा भार त्या इंजिनावर. मी वर्गात भिंगाचे नियम सांगायचे आणि माझ्या कानात इंजिन ठोके गाळत असायचं.

मिस्त्रींनी काम हातात घेतलं. पहिल्या दिवशी प्लग. दुसऱ्या दिवशी पेट्रोलात पाणी आहे का म्हणून ते फडक्यातून गाळलं. तिसऱ्या दिवशी गाळणी बदलली, चौथ्या दिवशी नळी. रोज एकटेच बोट घेऊन दोन दोन तास पाण्यावर जायचे आणि परत येऊन म्हणायचे, “झ्याक चालतंय.” आणि शनिवारी मी बसले की भर पाण्यात ठप्प.

पाचव्या दिवशी त्यांनी मुलांच्या वजनाइतकी वाळूची पोती बोटीत भरली. भर धक्क्यावर, बाजारला निघालेल्या बायकांसमोर मला विचारलं, “बाई, तुमचं वजान किती?”

मी म्हटलं, “पंचावन्न.”

त्यांनी मला एकदा बघितलं आणि अर्धं पोतं जास्त टाकलं. बायका तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

पोती घेऊनही बोट झ्याक चालली. मग मिस्त्री मारुतीला घेऊन बसले. बोट कधी बंद पडली, कितव्या मिनिटाला, बोटीत कोण होतं, वारं कुठलं होतं. “नळीतला रबराचा फुगा कसा हुता?” हे त्यांनी तीनदा विचारलं. नळीच्या मध्ये पेट्रोल दाबायला लिंबाएवढा रबरी फुगा असतो, त्याबद्दल. मारुती त्यांना नाना म्हणायचा. तो म्हणाला, “बगितला न्हाई, नाना. दोरी वडू का फुगं बगू?” शेवटी मिस्त्री उठले. मी धक्क्यावरच होते, सोसायटीची दोन-चार माणसं होती, मुलं होती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बुधवारच्या बाजारला दहा बायका बसत्यात, तवा बंद पडत न्हाई. शनिवार, सोमवार अन् सरावाला पडतंय. एकोनिसाव्या मिनटाला. बाई आसल्या की बंद पडतंय.”

लोक हसले. मुलंही हसली. मी तरातरा त्यांच्यापुढे गेले.

“म्हणजे काय, मी अपशकुनी?”

“आसं कुटं म्हनलो मी? तुमी उद्या माज्यासंगं नुसत्या बसा. नेमी बसता तिथंच बसा. नेमी जे करता त्ये करा. पोरं नकोत, कोन नको. तासाभराचं काम हाय.”

आता बघा, त्या माणसाने प्लग तपासला, पेट्रोल तपासलं, नळी तपासली, वजन तपासलं. उरली कोण? मी. शास्त्राच्या वहीत लिहावं असं त्याचं चाललं होतं. आणि मी, सांगलीच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेतलेली बाई, धक्क्यावरून तणतणत खोलीवर गेले आणि सोसायटीच्या चेअरमनच्या नावे अर्ज लिहिला. अक्षर माझं सुरेख होतं. ‘सदर इसम दुरुस्तीचे काम न करता महिलांविषयी अंधश्रद्धा पसरवीत असून त्यांच्या ठायी वैज्ञानिक दृष्टिकोनाचा पूर्ण अभाव आहे. तरी त्यांना त्वरित कामावरून दूर करून दुसरा जाणकार कारागीर नेमावा.’ ‘पूर्ण’ या शब्दाखाली रेघ मारली. अर्ज सेक्रेटरींच्या हातात दिला. ते म्हणाले, आता मध्येच माणूस कुठून आणू. परीक्षा संपली की बैठकीत ठेवतो. मी म्हटलं, ठेवाच.

मिस्त्रींबरोबर मी गेले नाही. तीन दिवस रोज सकाळी ते घड्याळ काखेत घेऊन धक्क्यावर उभे राहायचे, आणि मी शाळेच्या खिडकीतून ते बघायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. घट्ट.

पहिला पेपर मराठीचा, अकराला. आम्ही नऊला निघालो. मार्चात पाणी खूप खाली गेलेलं असतं. मुलं हातात चपला घेऊन चिखलातून बोटीपर्यंत आली. मुलींनी डोक्याला तेल चोपडलं होतं, एकीच्या आईने सगळ्यांच्या हातावर दही घातलं. आणि बोटीत इंजिनाशेजारी, लोकरीच्या टोपीत, मिस्त्री आधीच बसलेले. मांडीवर घड्याळ.

मी मारुतीला विचारलं, “हे कशाला?”

मिस्त्रींनीच उत्तर दिलं. “तुमी माज्यासंगं आला न्हाईसा, म्हनून मी तुमच्यासंगं आलो.”

मी माझ्या जागेवर बसले. बोट निघाली. मिस्त्री पाठमोरे, स्क्रूड्रायव्हर कानाला, डोळे मिटलेले. वास यायला लागला. मी मुलांच्या प्रवेशपत्रांची पिशवी तिसऱ्यांदा मोजली, रुमाल काढला, आणि हो, केलं तेच. आज इतकी वर्षं मी तो क्षण थांबवायला बघते. मनातल्या मनात त्या बाईचा हात धरते. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

घड्याळाची टिकटिक मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होती. काठ लांब गेला. दुसरा काठ अजून निळा दिसत होता. आणि इंजिनाने एक ठोका गाळला.

नऊ मुलांनी एकदम माझ्याकडे बघितलं. दुसरा ठोका. मग गचका, मग गचक्यावर गचका, आणि सगळं शांत. पाणी तेवढं बोटीच्या अंगावर थपथप वाजत राहिलं. वारं आम्हाला हळूहळू आडवं ढकलायला लागलं.

“एकोनीस,” मिस्त्री म्हणाले.

ज्या मुलीचं मे महिन्यात उरकायचं होतं ती हुंदके देऊ लागली. मारुती दोरीकडे झेपावला. मिस्त्रींनी त्याच्या हातावर हात ठेवला. “हात लावू नगंस. कुनी जागंवरनं हलायचं न्हाई. जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या.”

मी ओरडले, “अहो, पेपर आहे! अकराला पेपर आहे! तुमची तपासणी उद्या करा!”

ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. वाकून नळी हातात घेतली आणि बोटांनी चाचपत मागे मागे आले. तो रबरी फुगा आला. चपटा झाला होता, दात पडलेल्या म्हातारीचे गाल आत जातात तसा. त्यांनी तो तळहातावर धरून एक क्षण बघितला. मग नळीवरून टाकीपर्यंत. टाकीवरून झाकणापर्यंत. झाकणावरून स्क्रूपर्यंत. आणि स्क्रूवरून माझ्या मांडीवरच्या रुमालापर्यंत, ज्यावर पेट्रोलच्या तेलकट डागाचा छान गोल उमटला होता.

त्यांनी दोन बोटांनी स्क्रू सैल केला. टाकीने फुस्सकन हवा आत ओढली. बराच वेळ ओढत राहिली.

त्या आवाजाबरोबर मला तेलाचा डबा आठवला. दुसरं भोक आठवलं. नववीच्या टाळ्या आठवल्या. मी रुमाल पदराखाली घेतला. बोटीला बुडायला याहून चांगली वेळ सापडणार नाही असं मला प्रामाणिकपणे वाटलं, पण मुलांचा पेपर होता.

“काय हुतं वो, नाना?” मारुतीने विचारलं.

मिस्त्रींनी फुगा दाबला. तो पुन्हा गोल झाला. “नळीत कचरा हुता,” ते म्हणाले. “गेला. वड दोरी.”

पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झालं. मुलांनी आरोळी ठोकली. मिस्त्री मला म्हणाले, “बाई, तुमी फुडं जावा. पोरींपाशी बसा.” आणि माझ्या फळीवर, टाकीला टेकून, स्वतः बसले. पुढचा सगळा वेळ मी पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत बसले होते, आणि प्रत्येक ठोका मोजत होते. पुढचं एकोणिसावं मिनिट आलं. गेलं. इंजिन एकदाही खोकलं नाही. काठापासून अर्धा तास चालून केंद्राच्या दारात मुलं गेली तेव्हा घंटेला अर्धा तास बाकी होता.

तीन तास मी शाळेबाहेरच्या जांभळीखाली बसून होते. समोरच्या पारावर मिस्त्री. मारुती बोटीत झोपलेला. मी दोनदा उठले, दोनदा बसले. तिसऱ्यांदा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “मिस्त्री, मला तुम्हाला काही सांगायचंय.”

त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे केली. “आज पेपर हाय. पेपराचं बघा.”

पुढच्या सगळ्या पेपरांना ते बोटीत आले. टाकीजवळ बसले. मारुतीला त्यांनी स्क्रूबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. माझ्याकडे बघून कधी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. माझी भीती मात्र जागा बदलून बसली होती. इंजिनाची गेली आणि अर्जाची आली. परीक्षा संपली की बैठक. बैठकीत माझा अर्ज वाचला जाणार, आणि ज्या माणसाने माझी लाज झाकली त्याचं काम जाणार, माझ्या सुरेख अक्षरात, रेघ मारलेल्या ‘पूर्ण’सकट. प्रत्येक पेपराला तो माणूस माझ्यामागे बसून इंजिन ऐकायचा आणि मला वाटायचं, माझ्या छातीतले ठोकेही ऐकतोय.

शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी, ऊन असतानाच, मी सेक्रेटरींचं घर गाठलं आणि अर्ज परत मागितला. त्यांनी कपाटातून काढून दिला. “बरं केलंत बाई. नसती पंचाईत झाली असती.”

“आणखी कुणाला माहीत आहे का?”

“मी कुणाला कशाला सांगू?” ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले.

मला हायसं वाटलं. आणि आता माझी लबाडी ऐका. तिथेच, त्यांच्या अंगणात, मी अर्जाचे बारीक तुकडे केले, पिशवीत टाकले आणि ठरवलं, की झाकणाचं तेवढं मिस्त्रींना सांगून टाकायचं. ते त्यांना माहीतच आहे. माफी मागायची, मोठेपणा मिळवायचा. अर्जाचं बोलायचं कारण नाही. जे कुणाला ठाऊक नाही ते उघडायचं कशाला? झाकण लावायचा माझा हात काही एवढ्यात सुधारला नव्हता.

मिस्त्रींच्या पडवीत नाचणी पाखडणारी त्यांची बायको भेटली ती याच वेळी. तिचं मीठ-तिखटाचं ऐकून झालं, ती चहा ठेवायला आत गेली. मिस्त्री उंबऱ्याशी बसून घड्याळाला किल्ली देत होते. मी सगळं सांगितलं. वास, रुमाल, सासूबाईंच्या मुंग्या, तेलाचा डबा, दोन भोकं. सांगता सांगता रडलेही थोडी. अर्धं खरं, अर्धं शोभेपुरतं. म्हटलं, “मिस्त्री, मुलांसमोर तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. कचरा होता म्हणालात. माझी चूक पोटात घातलीत. मला माफ करा. एवढंच सांगायला आले होते.”

त्यांनी घड्याळाची किल्ली पूर्ण दिली, ते कानाला लावून ऐकलं, टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवलं. मी उठायला लागले. तेव्हा ते म्हणाले,

“बरं केलं, बाई, आज झाकनाचं सांगितलंसा. अर्जाचं उद्या या.”